गनिमी कावा संपल्यावर

३१ मार्च २०१५. नायजेरियाची राजधानी अबुजा. एका मोठ्या सभागृहात राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे राज्यवार आकडे वाचून दाखवणं चाललं होतं. सत्ताधारी पक्षाचे प्रतिनिधी आणि माजी मंत्री गॉड्सडे ओरुबेबे यांनी मध्येच माइक ताब्यात घेतला आणि निवडणूक आयोगाचे अध्यक्ष पक्षपाती आहेत, असा आरडाओरडा सुरू केला. काम थांबलं. आयोगाचे अध्यक्ष अत्ताहिरू जेगा मूळचे राज्यशास्त्राचे प्राध्यापक. ते खुर्चीत शांत बसून राहिले. समोरच्याचा आवेश ओसरल्यावर, वर्गात दंगा करणाऱ्या मुलाला समजवावं तशा सुरात त्यांनी चार वाक्यं सांगितली आणि आकडे पुन्हा वाचायला घेतले. हा सगळा तमाशा दूरचित्रवाणीवर थेट दिसत होता. त्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी प्रतिस्पर्धी मुहम्मदू बुहारी यांना फोन करून अभिनंदन केलं. गादीवर असलेला राष्ट्राध्यक्ष मतांनी हरला, असं नायजेरियात पहिल्यांदाच घडत होतं.

त्या दिवशी कॅमेऱ्याने काय केलं? तसं पाहिलं तर काहीच नाही. शोधबातमी नाही, अग्रलेख नाही, ‘विश्वसनीय सूत्रं’ नाहीत. तो तिथे होता, एवढंच. मोजणी उधळली गेलीच असती, तर ती कोणी उधळली हे साऱ्या देशाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. लष्करी राजवट संपल्यावर लोकशाही टिकवण्यात माध्यमांचा वाटा किती, यावर बोलताना बहुतेकांना तुरुंगात गेलेले संपादक आठवतात. मला हा कॅमेरा आठवतो. हुकूमशाहीशी लढणं आणि लोकशाही चालती ठेवणं या दोन वेगळ्या कामगिऱ्या आहेत, आणि पहिलीत तरबेज झालेली पत्रकारिता दुसरीत अडखळते, असं माझं मत आहे. नायजेरियाची गोष्ट त्यासाठीच सांगायची.

पहिल्या कामगिरीबद्दल आधी टोपी काढायला हवी. १९६० साली स्वतंत्र झालेल्या या देशाने १९९९पर्यंतची सुमारे २९ वर्षं लष्कराखाली काढली. याच बुहारींनी, तेव्हा ते जनरल होते, १९८४ मध्ये ‘डिक्री क्रमांक ४’ काढली. डिक्री म्हणजे लष्करी सरकारचा कायद्याइतकाच जोर असलेला हुकूम. सरकारी अधिकाऱ्याची अप्रतिष्ठा होईल असं छापणं गुन्हा. मजकूर खरा असला तरी सुटका नाही. राजदूतांच्या नेमणुकांची बातमी दिली म्हणून लागोसच्या ‘द गार्डियन’चे टुंडे थॉम्पसन आणि एन्डुका इराबोर वर्षभरासाठी आत गेले आणि वृत्तपत्राला ५० हजार नायरांचा दंड झाला. त्यानंतरचे लष्करशहा बाबांगिडा यांनी सत्तेवर येताच ती डिक्री रद्द केली, टाळ्या घेतल्या. पण त्यांच्याच राजवटीत, १९ ऑक्टोबर १९८६ रोजी, ‘न्यूजवॉच’चे संपादक डेले गीवा यांच्या घरी एक पार्सल आलं. उघडताच स्फोट झाला. ते कोणी पाठवलं याचा उलगडा आजवर झालेला नाही.

मग १९९३. १२ जूनची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक मोशूद अबिओला जिंकत असतानाच ती रद्द करण्यात आली, आणि वर्षअखेरीस जनरल सानी अबाचा सत्तेवर आले. १९९४ साली ‘कॉन्कॉर्ड’, ‘पंच’ आणि ‘द गार्डियन’ यांच्या कचेऱ्यांना टाळी लागली. याच काळात बहरली ती त्या देशातल्या पत्रकारांनी स्वतःच ‘गुरिला’ म्हणून नावाजलेली पत्रकारिता. मराठी माणसाला त्यासाठी शब्द शोधावा लागत नाही: गनिमी कावा. ‘टेल’, ‘द न्यूज’, ‘टेम्पो’ ही त्यातली साप्ताहिकं. संपादक घरं बदलत राहायचे, पानं एकीकडे लागायची, छपाई दुसरीकडे. एका नावावर बंदी आली की अंक दुसऱ्या नावाने बाहेर. ‘टेम्पो’चा जन्मच ‘द न्यूज’वरच्या बंदीतून झाला. विक्रेत्या पोरांनाही पोलीस उचलत. १९९५ साली कथित बंडाच्या बातमीवरून ख्रिस अन्यान्वू, कुन्ले अजिबाडे, जॉर्ज एम्बा आणि बेन चार्ल्स ओबी या चौघांना बंद दाराआडच्या लष्करी न्यायाधिकरणाने जन्मठेप दिली; पुढे ती पंधरा वर्षांवर आली. ‘द न्यूज’चे बगाउदा काल्थो १९९६ मध्ये बेपत्ता झाले, ते परतले नाहीत. ८ जून १९९८ रोजी अबाचा अचानक वारले, महिन्याभरात कैदेत असलेले अबिओलाही कोठडीतच मरण पावले, आणि २९ मे १९९९ रोजी निवडून आलेल्या ओलुसेगुन ओबासान्जो यांचा शपथविधी झाला. तेही जुने जनरलच, ही गंमत वेगळी.

गनिमी काव्याच्या मात्र काही सवयी असतात. माहिती देणाऱ्याचं नाव छापायचं नाही. दुसऱ्या बाजूला फोन करून प्रतिक्रिया विचारायची नाही, कारण फोन केला की छापा पडणार. कुजबुज ऐकली की छापून मोकळं व्हायचं, उद्या छापखाना असेल-नसेल. सरकारातला प्रत्येक जण शत्रू. अबाचांच्या काळात यातली प्रत्येक सवय शहाणपणाची होती. निवडून आलेल्या सरकारखाली मात्र तीच सवय चालू राहिली, तर तिला अफवाबाजी म्हणतात. शिवाय ही लढाऊ नियतकालिकं बहुतेक लागोस-इबादान पट्ट्यातली. १२ जूनचा लढा त्यांनी जिवावर उदार होऊन लढवला, पण उत्तरेतल्या बऱ्याच वाचकांना त्यात नैर्ऋत्येकडच्या योरुबांचं, म्हणजे अबिओलांच्या समाजाचं, गाऱ्हाणं ऐकू यायचं. हा आक्षेप पूर्ण खरा नाही, पूर्ण खोटाही नाही.

म्हणूनच जुलै १९९९ मधली ‘द न्यूज’ची एक बातमी मला त्यांच्या सगळ्या भूमिगत अंकांपेक्षा मोठी वाटते. लोकशाही येऊन जेमतेम दोन महिने होत होते. कनिष्ठ सभागृहाचे तरुण सभापती सालिसू बुहारी (जनरल बुहारींशी नातं नाही, फक्त नामसाधर्म्य) यांनी वय आणि शिक्षण दोन्ही खोटं सांगितलं आहे, असं साप्ताहिकाने छापलं. उमेदवारीसाठी वयाची अट तेव्हा तीस वर्षांची. ते जन्मले होते १९७० साली, सांगितलं होतं १९६३. पदवी कॅनडातल्या टोरोंटो विद्यापीठाची. विद्यापीठाने असा पदवीधर नसल्याचं कळवलं. सभापतींनी आधी कोर्टाची धमकी दिली, मग सभागृहात रडत राजीनामा दिला. कोर्टात दंड भरून सुटले. आता या बातमीत काय होतं पाहा: एक जन्मतारीख, एक विद्यापीठ, एक पत्र. कुजबुज शून्य. वाचकाने स्वतः पडताळून पाहावं, असा कागद. भूमिगत साप्ताहिकाने एका झटक्यात आपली कार्यपद्धती बदलली होती. खोट्या प्रमाणपत्राला नायजेरियात बरीच वर्षं ‘टोरोंटो’ म्हणत, ते तेव्हापासून.

तसाच प्रसंग २००६चा. ओबासान्जोंच्या दोन मुदती संपत आल्या होत्या आणि तिसऱ्या मुदतीची वाट मोकळी करणारी घटनादुरुस्ती संसदेसमोर होती. पडद्यामागे पैसा फिरतोय, अशी उघड चर्चा होती. खासगी वाहिनी ‘एआयटी’ने सिनेटमधली चर्चा थेट दाखवायला सुरुवात केली. खुर्चीला चिकटून राहण्याच्या जुन्या प्रयत्नांवर तिने केलेल्या माहितीपटाच्या टेप्स गुप्तचर खात्याची माणसं येऊन घेऊन गेली, पण सभागृहातला कॅमेरा चालू राहिला. गुप्त मतदानात किंवा बंद खोलीत हात वर करणं आणि आपल्या मतदारसंघातली म्हातारी माणसं बघत असताना उभं राहून ‘होय’ म्हणणं, यात फरक पडतो. एकेक सिनेटर उठून बाजू जाहीर करू लागला. १६ मे रोजी दुरुस्ती बारगळली. श्रेय एकट्या वाहिनीला देणं भाबडेपणाचं होईल. ओबासान्जोंचा स्वतःच्याच उपराष्ट्राध्यक्षाशी उभा दावा होता, राज्यपालांची (तिथे ते निवडून येतात, आपल्या मुख्यमंत्र्यांसारखे) आपापली गणितं होती. पण गणितं जुळवायला अंधार लागतो, आणि त्या आठवड्यात तो मिळाला नाही.

कॅमेऱ्याची मर्यादाही इथेच नोंदवतो. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, झालेली निवडणूक इतकी ओंगळ होती की तीत जिंकलेले उमारू यार’अदुआ यांनीच प्रक्रियेत दोष असल्याचं कबूल केलं. मतपत्रिका पोहोचतच नाहीत तिथे वाहिनी काय दाखवणार? २०२३ मध्येही राष्ट्राध्यक्षपदाचे केंद्रनिहाय निकाल निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर वेळेत चढले नाहीत, आणि वाहिन्यांवर रात्रभर चर्चा कसली, तर संकेतस्थळ का चालत नाही याची. साक्षीदाराला घटनास्थळी येऊ दिलं तरच साक्ष होते.

हा साक्षीदार कसा अडवला जातो, ते बघण्यासारखं आहे, कारण आता पार्सलबॉम्ब कोणी पाठवत नाही. नायजेरियाच्या १९९९च्या राज्यघटनेचं २२वं कलम वाचलं की ऊर भरून येतो: वृत्तपत्रं, रेडिओ, दूरचित्रवाणी यांनी सरकारला जनतेप्रति उत्तरदायी ठेवावं. इतकं स्पष्ट वाक्य आपल्या राज्यघटनेतही नाही. पण हे कलम ज्या प्रकरणात आहे, ते आपल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या धर्तीचं. त्यावर कोर्टात दाद मागता येत नाही. दाद मागता येते ती ३९व्या कलमावर, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या. आणि त्याच कलमात बारीक अक्षरात एक परंतुक आहे: रेडिओ किंवा दूरचित्रवाणी केंद्र चालवायचं, तर राष्ट्राध्यक्षांची अनुमती हवी. कर्तव्य भाषणापुरतं, परवाना मात्र रोख.

परवाने देणारा प्रसारण आयोग लष्करानेच १९९२च्या डिक्रीने स्थापला. एका अर्थी चांगलं झालं, त्यामुळे खासगी प्रसारण सुरू झालं. १९९४ मध्ये ‘रेपॉवर’ हा पहिला खासगी रेडिओ वाजू लागला. त्याचा एक फायदा फारसा कोणी मोजत नाही. नायजेरियात बंडाची पद्धत ठरलेली होती. पहाटे रेडिओवर लष्करी बँड वाजू लागला की लोक समजून जात, मग एखादा अधिकारी निवेदन वाचायचा. ३१ डिसेंबर १९८३चं निवेदन वाचणाऱ्या ब्रिगेडियरचं नाव सानी अबाचा होतं. केंद्र एकच असेल तर ते ताब्यात घ्यायला एक तुकडी पुरते. शंभर केंद्रं असतील तर कुठे कुठे जाणार? शेजारच्या नायजरमध्ये जुलै २०२३ मध्ये सैनिक सरकारी दूरचित्रवाणीवर ओळीने उभे राहिलेले जगाने पाहिले, तेव्हा मला हाच विचार आला. फक्त प्रक्षेपकांच्या संख्येने बंडं टळतात असा माझा दावा नाही, पण ती संख्या उपयोगाची आहे.

मात्र तोच आयोग पुढे फिर्यादी, न्यायाधीश आणि वसुली कारकून एकदम झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये पोलिसी अत्याचारांविरुद्ध ‘एन्डसार्स’ आंदोलन पेटलं, लागोसच्या लेक्की टोलनाक्यावर सैनिकांनी गोळीबार केला, आणि आठवड्याच्या आत आयोगाने ‘एआयटी’, ‘चॅनल्स’ आणि ‘अराइज’ या तीन वाहिन्यांना प्रत्येकी ३० लाख नायरांचा दंड ठोठावला. कारण, समाजमाध्यमांवरची अप्रमाणित दृश्यं दाखवली. जून २०२१ मध्ये सरकारने ट्विटर बंद केलं, ते सात महिने. प्रसारकांनाही आपली खाती मिटवायला सांगण्यात आलं. ऑगस्ट २०२२ मध्ये शुल्क थकल्याचं कारण देऊन ५२ केंद्रांचे परवाने एका फटक्यात रद्द केल्याची घोषणा झाली, मग ओरड झाल्यावर थांबली. हे सगळं डिक्री क्रमांक ४च्या जनरल बुहारी साहेबांच्या दुसऱ्या, मतपेटीतून आलेल्या कारकिर्दीत. आपण आता लोकशाहीवादी झालो आहोत, असं त्यांनी २०१५च्या प्रचारात सांगितलं होतं. तुरुंग मागे पडला होता, हे खरं. त्याच्या जागी पावतीपुस्तक आलं.

मे २०२३ मध्ये अबुजाच्या फेडरल उच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसारण आयोग म्हणजे न्यायालय नव्हे, त्याला दंड करण्याचा अधिकार नाही. खटला लढवला होता एका माध्यम-हक्क संस्थेने, २०१९ साली ४५ केंद्रांना झालेल्या दंडाविरुद्ध. या निकालाला आपल्याकडे ओळभर जागा मिळाली असेल-नसेल. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत त्या देशातल्या माध्यमांसाठी याहून महत्त्वाची घटना क्वचितच घडली आहे.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. रेडिओ माणसं मारू शकतो. १९९४ मध्ये रवांडात रेडिओने वंशसंहाराला कशी चिथावणी दिली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि नायजेरियात उदाहरणासाठी तितकं लांब जावं लागत नाही. ‘वझोबिया’ नावाची एफएम वाहिनी आहे. योरुबा, हौसा आणि इग्बो या तीन भाषांत ‘ये’साठी जे शब्द आहेत, वा, झो, बिया, ते जोडून केलेलं हे नाव. ती पिजिन या इंग्रजीवर बेतलेल्या मिश्र बोलीत बोलते, भाजीबाजारातल्या भाषेत, आणि मला हा प्रयोग फार आवडतो. नायजेरियातलं पहिलं वृत्तपत्र ‘इवे इरोहिन’ १८५९ साली योरुबात निघालं होतं; इंग्रजी मजकूर नंतर जोडला. आपलं ‘दर्पण’ १८३२ पासूनच मराठी-इंग्रजी. पुढे त्यांची मोठी वृत्तपत्रं जवळजवळ सगळी इंग्रजीकडे गेली आणि बहुसंख्य जनतेशी बोलायचं काम रेडिओवर येऊन पडलं. तर याच ‘वझोबिया’च्या कानो शहरातल्या केंद्रावर फेब्रुवारी २०१३ मध्ये पोलिओ लशीबद्दल संशय पेरणारा कार्यक्रम झाला, आणि त्यानंतर काही दिवसांतच लस देणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांना बंदूकधाऱ्यांनी ठार मारलं. केंद्रातल्या पत्रकारांना अटक झाली. कार्यक्रमाचा आणि गोळीबाराचा संबंध किती, यावर वाद होता; पण ‘माध्यमांना मोकळं सोडा’ एवढं म्हणून हा प्रश्न मिटत नाही, हे मला मान्य आहे.

मला मान्य नाही ती त्यावरची ठरलेली तोड, की म्हणून चावी मंत्र्याकडे द्या. कानोसारख्या प्रकरणात कायदा आहे, फिर्याद होऊ शकते, न्यायाधीश कार्यक्रमाची ध्वनिफीत ऐकू शकतो. लेक्कीच्या गोळीबाराची दृश्यं दाखवणारी वाहिनी आणि कानोचा कार्यक्रम यांना एकाच रजिस्टरात एकाच शाईने दंड लिहिला जातो, तेव्हा त्यामागे सुरक्षेची काळजी नसते. कोणी नेमलं आणि कोण काढू शकतं, एवढं पाहिलं तरी आयोगाचा निर्णय आधीच सांगता येतो.

आता पगार. हा विषय लोकशाहीवरच्या परिसंवादांत कोणी काढत नाही. तो बेचव आहे, पण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा. नायजेरियात पत्रकार परिषदेनंतर बातमीदारांच्या हातात पैशांचं तपकिरी पाकीट पडतं. मराठीत ‘पाकीट पत्रकारिता’ हा शब्द आहेच, त्यामुळे अधिक सांगत नाही. कित्येक वृत्तसंस्थांत महिनोन्‌महिने पगार होत नाहीत. ‘ओळखपत्र दिलंय ना, मग कमवा’ असं मालकाने ऐकवल्याचे किस्से तिथले पत्रकार कडवट हसत सांगतात. मानधन नावापुरतं आणि वाढदिवसाच्या पुरवणीच्या जाहिराती मात्र आणायच्याच, अशा कात्रीत काम करणाऱ्या आपल्याकडच्या तालुका वार्ताहराला यात नवीन काही वाटणार नाही. पत्रकाराला नीतिमत्तेचे धडे देणारी शिबिरं परदेशी निधीतून लागोस-अबुजात भरपूर झाली. चार महिने भाडं थकलेल्या माणसाला पाकीट नाकारण्याचं प्रशिक्षण द्यायचं, हा विनोद त्या शिबिरांत कोणाला दिसला की नाही कोण जाणे.

पाकिटाचं दुसरं टोक मालकाकडे असतं. नायजेरियात राजकारणी आणि वृत्तपत्र यांची जोडी जुनी आहे: आझिकिवे यांचं ‘वेस्ट आफ्रिकन पायलट’ १९३७चं, अवोलोवो यांचं ‘ट्रिब्यून’ १९४९चं. केसरीवाडा ठाऊक असलेल्या वाचकाला यात गैर वाटायचं कारण नाही. वसाहतीत पुढारी आणि संपादक एकच असायचा. पण ‘द सन’ उभं केलं ओर्जी उझोर कालू यांनी, ते स्वतः अबिया राज्याचे राज्यपाल असताना. लढाऊ पुढाऱ्याचं पत्र आणि खुर्चीवरच्या राज्यपालाचं पत्र यांतला फरक वाचकाला पहिल्या पानावरच्या फोटोंच्या संख्येवरून कळतो. सरकारी जाहिरातींवर जगणाऱ्या बाकीच्यांची तऱ्हा त्याहून फार निराळी नाही.

राजधानीतला दबाव निदान दिसतो. खरा मुक्काम राज्यपालांच्या मुलखात असतो. क्रॉस रिव्हर राज्यात अग्बा जालिंगो या पत्रकाराने २०१९ मध्ये राज्य सरकारशी संबंधित एका बँकेच्या पैशांबद्दल लिहिलं. आरोप कुठला लावला, तर देशद्रोहाचा. सुमारे सहा महिने कोठडी. मार्च २०२२ मध्ये ते निर्दोष सुटले. अबुजाच्या वाहिनीला दंड झाला की दूतावासांची पत्रकं निघतात. क्रॉस रिव्हरची राजधानी कालाबार, तिथल्या पत्रकारासाठी ती निघेपर्यंत ऋतू बदलतो. नागरिकाची लोकशाहीशी रोजची गाठ तर तिथेच पडते: शाळेच्या छपरात, रस्त्याच्या निविदेत, दवाखान्यातल्या औषधांत. माहिती अधिकाराचा कायदाही २०११ मध्ये आला. विधेयक १९९९चं, आणि २००७ मध्ये ओबासान्जोंनी त्यावर सही नाकारलेली. इतक्या उशिराने आलेला कायदाही अनेक राज्यं वर्षानुवर्षं ‘आम्हाला लागू नाही’ म्हणून टाळत राहिली.

‘टोरोंटो’ प्रकरणाचा शेवट सांगायचा राहिला. सालिसू बुहारींना २०००मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबासान्जोंनी माफी दिली. तेरा वर्षं गेली. २०१३ मध्ये केंद्र सरकारने एका मोठ्या विद्यापीठाच्या नियामक मंडळावर नवीन सदस्य नेमले, आणि यादीत त्यांचं नाव होतं. बनावट पदवीचा धनी विद्यापीठाचा विश्वस्त. सरकार विसरलं होतं, किंवा विसरल्याचं सोंग करत होतं. बातमीदारांनी १९९९चा अंक काढला, आणि तीच जन्मतारीख, तेच विद्यापीठ, तेच पत्र पुन्हा छापलं.